कुंपणातला चौरस

फळ्यावरच्या आकृत्या बोलत असत, तेव्हाची गोष्ट. खडूने एक मोठं गोल कुंपण आखलं आणि बजावलं, "आत फक्त आयत राहतील. बाहेरचं सगळं डस्टर पुसून टाकणार."

डस्टर लगेच निघालासुद्धा. त्रिकोण गेले, वर्तुळं गेली. कुंपणाच्या आत, अगदी कडेला, चौरस अंग चोरून उभा होता.

"हा इथे कसा?" आयतांचे पुढारी लांबोटेपाटील गरजले. "तू चौरस! हो बाहेर!" सगळे आयत त्याला ढकलू लागले.

चौरसाने विचारलं, "पाटील, आयत कुणाला म्हणायचं?"

"ज्या चौकोनाचे चारही कोन काटकोन, तो आयत. शेंबडं पोरही सांगेल!"

"मग माझे मोजा."

कोनमापक आला. चारही कोन नव्वद अंशांचे भरले.

"पण याच्या बाजू सारख्या आहेत!" पाटील म्हणाले.

"असोत की," कोनमापक म्हणाला. "त्या सारख्या नसाव्यात, असं तुमच्या अटीत कुठे आहे? हाही आयतच. आता आलोच आहे, तर सगळ्यांचे मोजतो."

"माझे कशाला? मी आयत आहे, हे नुसतं बघून कळतं!"

कोनमापक पाटलांच्या कोनाला टेकला. एकोणनव्वद अंश. खडूने त्यांना घाईत, अंदाजाने काढलं होतं.

डस्टर कुंपणाला येऊन भिडला.

"अरे, एका अंशाने काय बिघडतं?" पाटील ओरडले.

मघाचेच हात आता पाटलांच्या पाठीला लागले.