चुना होता, गवंडी नव्हता

चुनखडीच्या माळावर एक गाव होतं. त्या गावात रायाजी नावाचा चुना भाजणारा राहायचा. पाच कोसांतल्या भिंती त्याच्याच चुन्यावर उभ्या. त्याची एकुलती लेक सगुणा. आई लवकर गेली, पोर भट्टीवरच वाढली. काळीसावळी, पण डोकं असं की कामाच्या बायांना कोडी घालून बेजार करायची.

"चूल नाही, जाळ नाही, पाण्यात पडतो न् उकळतो. कोण गं?"

बाया हरल्या की टाळी पिटायची. "चुना! रोज भाजता तरी ओळखू येईना!"

पोर दहा वर्षांची झाली. मोठ्या घरात द्यायची तर गोरी हवी, असं रायाजीच्या मनानं घेतलं. त्यानं तिला माजघरात ठेवलं. खिडकीला गोणपाट ठोकलं. अंगणसुद्धा बंद. दोन वर्षांत पोर उजळली खरी, पण पाय वाकले, बोटं आखडायला लागली.

भट्टीवरची म्हातारी हौसाक्का तिला बघून आली न् म्हणाली, "रायाजी, पोरीला उन्हात काढ. हाडं मऊ पडलीत तिची."

"चुना कमी पडला असंल. माझ्या घरात चुन्याला काय तोटा?" रायाजी रोज दह्यातून गव्हाएवढा चुना देऊ लागला. मग दोन गव्हांएवढा.

"अरे, चुन्याचा ढीग घातला म्हणून भिंत उभी राहते का? गवंडी लागतो. अंगातला गवंडी म्हणजे ऊन. त्याच्यावाचून चुना अंगी लागत नाही."

"काळी पडली तर तू करून घेशील का सून?"

हौसाक्का पाठ फिरवून भट्टीवर निघून गेली. तिथंच चुकली.

पौषात पोरीला झटके आले. एक ओसरेपर्यंत दुसरा, असा सगळा दिवस. वैद्य म्हणाला, "रक्तातला चुना सरला, म्हणून मेंदू असा भडकला."

"चुना? माझ्या घरात?" रायाजी ओरडला, आणि त्यानं आपल्या हातांनी गोणपाट फाडलं.

ऊन आलं. हळूहळू झटके थांबले. हाडंही घट्ट झाली, पण वाकडीच. डोक्यातून जे गेलं ते मात्र परत आलं नाही.

आता रायाजी तिला रोज अंगणात बसवतो. समोर बसून विचारतो, "चूल नाही, जाळ नाही, पाण्यात पडतो न् उकळतो. कोण गं, सगुणा?"

ती त्याच्या चुन्यानं पांढऱ्या झालेल्या हातांकडं बघते न् नुसती हसते. तो वाट बघतो. ऊन उतरून जातं.

तात्पर्य: अंगाला चुना हवा, तसं तो मुरवणारं ऊनही हवं, एकाला दाराबाहेर ठेवलं की दुसरं वाया जातं. आणि उशिरा उघडलेल्या खिडकीतून ऊन येतं, गेलेली बुद्धी येत नाही.