पुढचा पत्ता नसेल तर?

सांगलीत सुलक्षणा खराडे नावाची एक प्रोग्रामर होती. आपण लिहिलेला प्रोग्राम मध्येच बंद पडत नाही, याचा तिला फार अभिमान होता.

एकदा तिच्या कंपनीकडे एका रुग्णालयाकडून रुग्णवाहिका पाठवणाऱ्या यंत्रणेचं काम आलं. मदतीसाठी आलेले फोन साखळीसारखे एकामागे एक जोडायचे होते. प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, ठेवायचा. पण शेवटच्या नोंदीपुढे कोणीच नसतं. म्हणून सुलक्षणाने ऑप्शनल पॉइंटर वापरला. पत्ता असेल किंवा नसेलही, हे त्यात उघड सांगितलेलं असतं. मग ‘नसेल तर काय करायचं?’ याचं उत्तर दिल्याशिवाय कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून संगणकाच्या भाषेत उतरवणारं साधन, पुढे सरकूच देत नाही.

आणि कंपायलर तर जागोजागी अडून बसला.

तिच्याबरोबर काम करणारा निनाद वैतागला. “अगं, उद्या रुग्णालयात दाखवायचंय! पत्ता आहेच, तपासू नकोस, असं सगळीकडे लिहून टाक. कंपायलर गप्प बसेल.”

सुलक्षणाचे हात थांबले. तसं लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत काम संपलं असतं. कोणाला कळलंही नसतं.

“कंपायलर गप्प बसेल रे,” ती म्हणाली. “पण पत्ता नसताना यंत्रणा तिकडे गेली, की जागच्या जागी बंद पडेल. तेव्हा कोणाच्या तरी घरी माणूस तळमळत असेल.”

ती उठून मालकांकडे गेली. “साहेब, उद्या जमणार नाही. आठवडाभराची मुदत हवी.”

धवळेसाहेबांचा चेहरा उतरला. “काम हातचं जाईल, सुलक्षणा.”

“गेलं तर दोष माझ्यावर घाला. पण हे असं अर्धवट मी देणार नाही.”

साहेबांनी स्वतःच रुग्णालयात फोन लावला. तिकडून बरीच कुरकुर झाली, पण मुदत मिळाली. सुलक्षणाने एकेका जागेचं उत्तर लिहायला घेतलं. दुसऱ्या दिवशी निनादही खुर्ची ओढून शेजारी बसला.

ठरल्या दिवशी रुग्णालयाच्या मेट्रनबाईंनी यंत्रणा स्वतः चालवून पाहिली. त्यांनी एकच फोन नोंदवला आणि लगेच रद्द केला. साखळीत काहीच उरलं नाही. सगळ्यांचे डोळे पडद्याकडे लागले. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘सध्या कोणी प्रतीक्षेत नाही.’ बाईंनी नवा फोन नोंदवला. त्याला तत्काळ रुग्णवाहिका मिळाली.

“आमची जुनी यंत्रणा इथेच मान टाकायची,” मेट्रनबाई म्हणाल्या. “एक बाळंतीण ताटकळली होती तेव्हा. हे कोणी केलं?”

“हिने,” निनाद चटकन म्हणाला. “मी घाई करत होतो. हिने ऐकलं नाही.”

सुलक्षणाने मान खाली घातली नाही. बाईंच्या डोळ्यांत पाहत ती म्हणाली, “हो, मी केलं.”

तात्पर्य: ‘नसेल तर?’ या प्रश्नाचं उत्तर जो आधीच देऊन ठेवतो, त्यालाच आपल्या कामाचा अभिमान शोभतो.