भिवरेची चाल

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्याही आधी, या गावाचं कुरण भिवरा राखायची. पावसाळ्यात कोवळा चारा फुटावा म्हणून उन्हाळा सरताना गाव वाळलेलं गवत पेटवायचं. त्याआधी एका टोकानं भिवरा आणि दुसऱ्या टोकानं तिची जन्माची मुकी लेक ठकू, अशा मायलेकी आत दडलेले जीव बाहेर काढायला काठीनं गवत झोडत हिंडायच्या.

लोक हसायचे. "चंडोल उडाले की कुरण रिकामं! एवढी तंगडतोड कशाला?"

"चंडोल आभाळात जाऊन बोंबलतो," भिवरा म्हणायची. "सशाचं तसं न्हाई. भ्याला की जमिनीला चिकटतो, पायाखाली येईस्तवर हलत न्हाई. उडाला त्याचा घोर नको, दडला त्याला हुडका."

पण कोण ऐकतंय!

एका वर्षी गोंदा पाटलाला घाई झाली. वारा फिरायच्या आत पेटवायचं होतं. मायलेकी अजून गवतातच होत्या. चंडोल ओरडत वर गेले, तशी पाटलानं तीनदा हाक मारली, "आत कोण हाय का?" लांबून, कुरणाच्या पलीकडच्या कडेवरून भिवरा जीव खाऊन ओरडली, "थांबा, ठकू आत हाय!" पण वाऱ्यानं तिचा आवाज पाटलापर्यंत पोचूच दिला नाही. उत्तर आलं नाही म्हणून मेल्यानं चूड लावली. अरे, मुकी पोर उत्तर देणार कुठून?

ससा जन्मात एकदाच ओरडतो, मरताना. त्या दिवशी कुरणातून शंभर सशांची किंकाळी उठली आणि त्यात एक माणसाची होती, असं म्हणतात. ठकूला आवाज फुटला तो आगीत.

भिवरा निखाऱ्यांवरून चालत गेली, पण तिचे तळवे पोळले नाहीत, असं म्हणतात. लेकीला उचलून तिनं पाटलापुढं ठेवलं.

"मी हाक मारली व्हती गं," पाटील रडत म्हणाला.

"मारलीस की," भिवरा म्हणाली. "सवताच्या मनाच्या समाधानासाठी मारलीस."

एवढं बोलून ती गेली, ती परत कुणाला दिसली नाही. सात वर्षं चंडोल त्या कुरणावर गायला नाही, असं म्हणतात.

आता पेटवायच्या आधी सगळं गाव अनवाणी, हात धरून, गवताची काडी न् काडी पायानं चाळत चालतं. पाटलाच्या घरचा माणूस सगळ्यांत पुढं. कुणी हाक मारत नाही. याला भिवरेची चाल म्हणतात. नारळ फुटतो, बायका डोळे पुसतात.

अडीचशे माणसं चालतात आज. तेव्हा पाटील जरा थांबला असता, तर दोन पुरली असती.