भुंगेऱ्याच्या पाठीवरचे भगवे पट्टे

कृतयुगाचा सूर्य अजून माथ्यावर होता तेव्हाची ही कथा. दंडकारण्यात, शालतमालांनी वेढलेल्या एका आश्रमात तृणकेतू नावाचे महातपस्वी राहत. त्यांची एकुलती एक कन्या सुनंदिनी अकाली स्वर्गवासी झाली. मागे उरली ती तिने पाळलेली मैना. रोज पहाटे ती हुबेहूब सुनंदिनीच्या स्वरात हाक मारी, "तात, उठावे! अग्नी वाट पाहतो आहे!" त्या एका हाकेवर मुनी जगत होते.

एके दिवशी मैनाही गेली.

इंद्रियनिग्रही म्हणून त्रिलोकात गाजलेले ते तपोधन ओक्साबोक्शी रडले. मग कमंडलूतले जल हाती घेऊन गर्जले, "माझ्या तपाची आण! या आश्रमात काहीही कुजणार नाही, नासणार नाही!"

तपस्व्याचा शब्द तो. सृष्टीने निमूट मानला. मैनेचे पीस न् पीस टवटवीत राहिले, पण चोच काही उघडली नाही. आणि मुनींच्या ध्यानीमनी नव्हते ते घडले. विरजण लावलेले दूध दूधच राहिले! दही नाही, लोणी नाही, मग आहुतीला तूप कुठले? सुनंदिनी ज्याच्यासाठी हाक मारी, तो होमाग्नीच विझू लागला.

तेव्हा एक काळाकुळकुळीत भुंगेरा आपल्या भार्येसह पुढे आला. "मुनिवर, हे पाखरू आमच्या स्वाधीन करावे. आम्ही त्याला मातीत नेऊ."

"क्षुद्र कीटका! माझ्या लेकीचा स्वर तुझ्या पोटात घालू?"

"स्वर त्यात उरलेला नाही, महाराज. देह आहे, आणि आमची लेकरे त्यावर वाढतील."

शापासाठी उठलेला हात विझत्या अग्नीकडे दृष्टी जाताच खाली आला. लेक असती तर काय म्हणाली असती, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आपला शब्द मागे घेतला.

त्या दांपत्याने खालची माती उकरली. मैना हळूहळू भूमीत उतरली. विरजण लागले, अग्नी प्रज्वलित झाला, पण पहाट मुकीच राहिली. वेडी आस ती! मुनी त्या मातीला कान लावून बसत. आणि एका पहाटे आतून बारीक किरकिर ऐकू आली. भुंगेऱ्याची भार्या लेकरांना भरवायला बोलावत होती.

काषाय वस्त्राची कड फाडून मुनींनी ती भुंगेऱ्याच्या पाठीवर ठेवली. "वनातल्या ज्या इवल्या जीवांना अग्नी लाभत नाही, त्यांचा पुरोहित तू!"

म्हणून आजही तो भगवे पट्टे मिरवत मेल्या पाखरांना मातीआड करतो. आणि तृणकेतू? ते अखेरपर्यंत रोज पहाटे मातीला कान लावत. कोणाही आईची का असेना, हाक ऐकू आली की मगच अग्नीपाशी जात.