डोंगरात मारलेली हाक

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक गुरुजी होते. मनानं लोण्यासारखे मऊ, पण सदा घाईत. इंग्रजीतली नामं तर असे रंगवून शिकवायचे, की पेंगणारं पोरही डोळे उघडायचं.

"गर्ल म्हणजे कुठलीही मुलगी, ते कॉमन नाऊन. सगळी मिळून झाला क्लास, ते कलेक्टिव्ह. क्लासला रूम जोडा, झालं कंपाउंड. आणि जे एकाचंच असतं ते प्रॉपर नाऊन. म्हणजे तुमचं नाव!"

आता गंमत बघा, पोरांची नावंच गुरुजींना येत नव्हती. "ए खिडकीतल्या", "अगं वेणीवाले", यावर त्यांचं भागायचं. हजेरीलाही नुसती डोकी मोजायचे. नावं घोकत बसलो तर धडे कधी संपवू, असं त्यांचं म्हणणं.

एकदा थंडीत शाळेचं वनभोजन निघालं. पोरं डोंगरावर भाकरी-ठेचा जेवली, बोरं खाऊन हुंदडली. उतरताना धुकं दाटलं. पायथ्याच्या देवळापाशी गुरुजींनी डोकी मोजली, तर एक कमी! पुन्हा मोजली, तरी एक कमीच.

वर बिबट्याचं रान! "पुजारीबुवांजवळ थांबा, कुणी हलायचं नाही!" असं ओरडून गुरुजी उलट पावली धावले. कोण राहिलंय, हे विचारायचंही त्यांना भान राहिलं नाही.

"ए बाळा! ए पोरी! अरे, कोण आहे का रे?" हाका मारून मारून घसा बसला. धुक्यातून कुणी ओ देईना. दिवस कलला. आता लेकराच्या आईला काय तोंड दाखवू, या विचारानं गुरुजी रडवेले झाले आणि धडपडत खाली आले.

"कोण राहिलंय रे वर? नाव काय त्याचं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक धीट पोरगी म्हणाली, "आमची कौतिका, गुरुजी. रोज तुमच्यासमोरच तर बसते."

गुरुजी शरमेनं अर्धमेले झाले. पण शरमत बसायला वेळ कुठे होता? ते पुन्हा चढ चढू लागले.

"कौतिकाऽऽ! अगं कौतिकाऽऽ!"

"ओऽऽ गुरुजी!" पहिल्याच वळणावर, झुडपाआडून रडका आवाज आला. पाय मुरगळून पोर तिथं बसून होती.

"अगं, मघाशी मी इथूनच ओरडत गेलो! ओ का नाही दिलीस?"

कौतिका मुसमुसत म्हणाली, "आई सांगते, रानात चकवा हाका मारतो आणि माणसाला भुलवून नेतो. नाव घेऊन बोलावेल त्यालाच ओ द्यायची. आवाज तुमच्यासारखा होता, पण नाव कुठे घेतलंत? मी घाबरून तोंड दाबून बसले."

गुरुजींना भडभडून आलं. त्यांनी तिला पाठीवर घेतलं आणि जपून पावलं टाकत उतरू लागले. वाटेत तिनं हळूच विचारलं, "गुरुजी, तुम्हाला माझं नाव माहीत होतं?"

खोटं बोलावंसं त्यांना फार वाटलं.

"नव्हतं गं बाई," ते म्हणाले. "आत्ता पोरांना विचारून आलो."

कौतिका त्यांच्या गळ्याला घट्ट मिठी मारून म्हणाली, "आता विसरू नका हं."

तात्पर्य एवढंच: डोकी मोजून कोणी तरी हरवल्याचं कळतं, पण हरवलेल्याला परत आणायचं तर त्याचं नाव ठाऊक असावं लागतं.