गोजराबाईची वेगळी चूल

फार वर्षांपूर्वी, बोरवंड गावाला धड गाडीवाटही नव्हती तेव्हाची ही गोष्ट. पण शाळा होती बरं का! मातीच्या भिंती, वर कौलं. एका पावसाळ्यात तिची मागची भिंत बसली आणि अर्धं छप्पर खाली आलं. पोरं घरी होती म्हणून वाचली. मग वरून निरोप आला, की गावानं शाळा उभी करावी, नाहीतर ती बंद होईल.

गावाजवळ पैसा होता. गायरानातल्या बाभळी नुकत्याच विकल्या होत्या. पण रंगराव पाटलांना हवी होती वेशीवर कमान, आपल्या वडलांच्या नावाची. आता सांगा, कमानीखाली बसून काय पोरांनी पाढे म्हणायचे? पण पाटलांना विचारणार कोण!

विचारलं गोजराबाई कुंभारणीनं. तिची सुंदरा चौथीत होती, कुंभारवाड्यातली शिकणारी पहिली मुलगी. गावची शाळा गेली तर नदीपल्याडच्या शाळेत मुलीला कोण पाठवतंय? तिचं लग्न उरकून टाकायचं, असं घरात चाललंच होतं. ते ऐकून गोजराच्या अंगाचा तिळपापड झाला.

बैठक बसली. गावचा नेम असा, की चुलीमागं एक मत, आणि ते द्यायचं घरच्या कर्त्या पुरुषानं. गोजरा चावडीच्या पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "पाटील, मत चुलीचं म्हणता. मग चूल पेटवतं कोण?"

सगळे खो खो हसले. तिचा नवरा महादू मान खाली घालून बसला. पाटील म्हणाले, "मत पाहिजे ना तुला? मग वेगळी चूल मांड! जिची चूल तिचं मत, जा."

बोलले गमतीनं, पण बोलले चारचौघांत. गोजरा म्हणाली, "शब्द दिलात हं पाटील. आता फिरवायचा नाही."

असं म्हणतात, की तिनं शाळेच्या पडक्या भिंतीचीच माती भिजवली आणि चुली घडवायला घेतल्या. एकेक करत गावातल्या बायका तिच्या दारी आल्या. एकीची सासू रडायला लागली, "अगं, घर फोडतेस का माझं?"

सून म्हणाली, "फोडत नाही हो आत्याबाई, शाळा बांधतेय. तुमचीही एक चूल सांगून ठेवलीय."

म्हातारीनं डोळे पुसले, लुगडं खोचलं आणि माती तुडवायला उतरली!

शाळा की कमान, याचा कौल बाजारच्या दिवशी लागणार होता. पाटील चावडीवर येतात तर काय, समोर शाळेच्या पटांगणात पेटत्या चुलीच चुली, आणि प्रत्येक चुलीपुढं एक बाई! पाटील गरजले, "विझवा!" गड्यांनी घागरी ओतल्या. चुली फुसफुसल्या आणि पुन्हा भडकल्या. असं म्हणतात, की त्या मातीत पोरांचे पाढे मुरले होते, ती पाण्याला कशाला भिईल? मग आभाळ फुटलं. चावडीवर धो धो पाऊस आणि पटांगणात थेंब नाही.

"शाळेसाठी कुणाची चूल?" गोजरानं आवाज दिला.

बायकांचे हात वर गेले, पीठ लागलेले, काजळी लागलेले. मागून महादूनंही हात वर केला.

"तुझी चूल कुठाय रे?" पाटील ओरडले.

"तिच्याच चुलीवर जेवतो मी, पाटील," महादू म्हणाला. "घरची तर आज पेटलीच नाही."

मग काय, पुरुषांचे हातही भराभर वर झाले. पाटील पाय आपटत निघून गेले.

शाळा उभी राहिली. सुंदरा तिथंच शिकली, आणि असं म्हणतात, की पुढं तिथंच मास्तरीण झाली. गोजराबाई गेली त्या रात्री बोरवंडात एकही चूल विझली नाही म्हणे.

आजही शाळेच्या डागडुजीचा ठराव असतो त्या दिवशी बोरवंडात घरात कुणी चूल पेटवत नाही. बायका पटांगणात गोजराबाईच्या चुली मांडतात. आधी हात वर, मग भाकरी. ठराव पडला तर सरपंचासकट सगळं गाव उपाशी राहणार, हे ठरलेलं. आजवर एकदाही कुणी उपाशी झोपलेलं नाही.