स्पंजराव आणि नासलेलं दूध

नळाला दिवसभर पाणी असायचं, त्या काळातली ही गोष्ट. शरयूवहिनींच्या मोरीत भांडी घासून झाली, की स्पंजराव साबणाच्या वाटीत, पाण्यात डुंबत पडायचे. वर खिळ्यावर वाळक्या घोसाळ्याची घासणी कोरडीठाक लटकलेली असायची.

"घोसाळेबाई, फाशी दिल्यासारख्या काय लटकता? या की पाण्यात!" स्पंजराव तिला चिडवत.

"मला वाऱ्यावरच बरं वाटतं," ती म्हणे.

एके दिवशी पातेल्यातलं दूध नासलं. दुसऱ्या दिवशीही नासलं. "गवळीच लबाड!" स्पंजराव वाटीतून गरजले. वहिनींनी गवळी बदलला, तरी दूध नासलंच. "हाही तसलाच!" स्पंजराव पुन्हा गरजले. तिसऱ्या गवळ्याचं दूधही नासलं, तेव्हा मात्र पातेलं खणखणलं, "गवळी तीन झाले, स्पंजराव. मला रोज घासणारे तुम्ही एकटेच."

स्पंजरावांनी हळूच स्वतःचा वास घेतला आणि त्यांना ठसकाच लागला. मग अंग पिळून पिळून त्यांनी सगळं पाणी सोडलं नि वर बघत अगदी हळू आवाजात विचारलं, "घोसाळेबाई, खिळ्यावर जरा सरकून घेता का?"